दाण्याचं कूट बाळाला कधी, किती, आणि एकदा देऊन बंद का करू नये

फोनवर रोज एकच प्रश्न येतो की बाळाला कूट चालेल का, म्हणून एकदाच लिहून पॅकेटसोबत देतोय. आम्ही घाण्यावाले आहोत, डॉक्टर नाही, पण धंदाच दाण्यांचा असल्यामुळे याची माहिती ठेवावी लागते.

पूर्वी सल्ला होता की तीन वर्षांपर्यंत दाणे नकोच. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2000 साली ॲलर्जीचा धोका असलेल्या मुलांसाठी तसंच सांगितलं आणि 2008 ला ते मागे घेतलं. मग लंडनमध्ये अभ्यास झाला (2015 ला छापून आला), अंगावर जोरदार एक्झिमा (त्वचा कोरडी, लाल होऊन सतत खाजणं) किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली 640 बाळं घेतली, निम्म्यांना दाण्याचे पदार्थ सुरू केले, निम्म्यांना पूर्ण बंद. पाच वर्षांची झाल्यावर बंद ठेवलेल्यांत शंभरात साधारण 17 जणांना दाण्याची ॲलर्जी निघाली, खाणाऱ्यांत 3. लहानपणी पोटातून गेलेली गोष्ट शरीर आपली मानायला शिकतं. बाकी खाण्याचाही यात हात असतो असं दिसतंय, म्हणजे भाज्या, डाळी, नाचणी यातल्या फायबरवर आतड्यातले चांगले जंतू जगतात आणि ते जे तयार करतात त्यानं उगाच भडकणाऱ्या प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या पेशींना बळ मिळतं. म्हणून कुटाच्या नादात बाकीचं जेवण सोडू नका.

आता जिथे आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो ते. लोक एकदा बोटभर चाटवतात, काही होत नाही, खूश होतात, पॅकेट डब्यामागे जातं ते दोन महिने. मग कुणाच्या तरी सांगण्यावरून परत काढतात, तोवर कूट खवट झालेलं असतं आणि फोन आम्हाला, की माल खराब निघाला. अहो, एकदा चाटवणं म्हणजे फक्त चाचणी झाली, सवय नाही. त्या अभ्यासातली दाणे खाणारी बाळं आठवड्याला निदान 6 ग्रॅम दाण्याची प्रथिनं, तीन किंवा जास्त वेळा मिळून, खात होती, तीही वर्षानुवर्षं. कुटात मोजायचं तर एका वेळी 8 ग्रॅम, म्हणजे साधारण अडीच चहाचे चमचे, असं आठवड्यातून तीनदा. 100 ग्रॅमचं पॅकेट चार आठवड्यात संपतं, आणि म्हणूनच आम्ही बाळवाल्यांना अर्धा किलो देत नाही, भले तुम्ही म्हणा की मोठं स्वस्त पडतं. फोडलेलं पॅकेट परतही घेत नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रीजमध्ये ठेवा.

सुरुवात सहा महिन्यांच्या आसपास, बाळ पेज, मऊ भात असं दोन-चार गोष्टी नीट खायला लागल्यावर. साबुदाण्याच्या खिचडीचं भरड कूट नको, बारीक मागा, आणि कोरडं कधीच नको, कोमट पाण्यात किंवा नाचणीच्या खिरीत पातळ करून. पहिल्यांदा चमच्याच्या टोकावर, दहा मिनिटं थांबा, मग हळूहळू बाकीचं, दोन तास लक्ष ठेवा. त्या दिवशी दुसरं काही नवीन देऊ नका, नाहीतर अंगावर पुरळ आलं तर कशानं ते कळणार नाही आणि संशय आमच्या कुटावर. अख्खा दाणा पाच वर्षांपर्यंत नको, घशात अडकतो.

अंगावर जोरदार एक्झिमा असेल, अंड्याची ॲलर्जी असेल, किंवा दाण्यानं आधी काही झालं असेल तर आधी डॉक्टर, मग आम्ही. ऑर्डर घेताना हे विचारतो तर काही ताई चिडतात, पण विचारणारच. अंगावर गांधी उठणं, ओठ-डोळे सुजणं, सारख्या उलट्या, श्वास लागणं, यातलं काहीही दिसलं तर कूट बंद आणि थेट दवाखान्यात, आम्हाला फोन नंतर करा.

अजून एक, आजी लोकांसाठी. आमचं घाण्याचं शेंगदाणा तेल बाळाच्या मालिशला नेऊ नका, विशेषतः त्वचा कोरडी, चिरलेली असेल तर. रिफाइंड तेलातून दाण्याची प्रथिनं जवळपास निघून जातात, घाण्याच्या तेलात थोडी राहतात, आणि फाटलेल्या त्वचेतून ती आत गेली तर शरीर उलट त्यांना शत्रू समजायला शिकू शकतं. जेवणात खुशाल वापरा, त्यासाठीच काढतो.

आमच्याकडे तीळही त्याच यंत्रावर दळतो, लेबलवर लिहिलेलं आहे, तिळाची ॲलर्जी असलेल्यांनी आमचं कूट घेऊ नये. बारीक कूट मंगळवारी आणि शुक्रवारी दळतो, आदल्या दिवशी सांगून ठेवा म्हणजे ताजं मिळेल.