टक्कल: बोअरचं पाणी की मामाचा वारसा?

परभणीत कटिंगच्या दुकानात पंचविशीतल्या पोराचं कपाळ वर सरकलेलं दिसलं, की निदान तयार असतं. कारागीर म्हणतो, "बोअरचं पाणी." बाकावरचे काका म्हणतात, "मामावर गेलाय."

बोअरच्या क्षारांच्या जड पाण्यानं केस राठ होतात, हे खरं. पण पाणी तर सगळ्या डोक्यावर पडतं. मग कानामागची झालर सत्तरीतही शाबूत कशी? न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेन्ट्राइख यांनी १९५९ मध्ये दाखवून दिलं, की मागचे केस टकलावर लावले तरी ते तिथं टिकतात. म्हणजे खोट जागेत नाही, केसाच्या मुळात आहे.

ती खोट उघडी पडते कशी, हे जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९४२ मध्येच मांडलं होतं. वयात येण्याआधी वृषण गमावलेल्या पुरुषांना टक्कल पडत नव्हतं. त्यांना टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक दिलं, तर घराण्यात टक्कल असलेल्यांचे केस जाऊ लागले. इतरांचे तसे गेले नाहीत. पुढे १९७४ मध्ये डॉमिनिकन प्रजासत्ताकातली काही कुटुंबं अभ्यासली गेली. तिथली काही मुलं जन्मतः मुली समजून वाढवलेली, वयात येताना पुरुष झालेली. टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी या अधिक जोरकस संप्रेरकात रूपांतर करणारं विकर (एन्झाइम) त्यांच्यात निकामी होतं, आणि मोठेपणी त्यांचं कपाळ मागे सरकत नव्हतं. हा डीएचटी केसाच्या मुळातल्या ग्राहीला (रिसेप्टरला) चिकटतो, केसाच्या वाढीचा काळ आखडतो. दर फेरीला केस बारीक होत शेवटी नुसती लव उरते. तेच विकर रोखणारं फिनास्टेराइड हे औषध अमेरिकेत टकलासाठी १९९७ मध्ये मंजूर झालं.

आता मामा. त्या ग्राहीचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि मुलाला एक्स मिळतं फक्त आईकडून. म्हणून काका अगदीच चुकत नाहीत. पण हिशेब केला तर मामाकडची त्या जनुकाची प्रत भाच्यात असण्याची शक्यता चारात एक, आईच्या वडिलांची दोनात एक. आपल्याकडं मामाची पोरगी करतात, तिथं तर बापाचा मामा हाच पोराचा आजोबा! एरवी बाप पोराला एक्स देत नाही. इथं मात्र बापाकडं असलेलीच प्रत आईच्या वाटेनं पोरात उतरू शकते.

तरी सगळा भार एक्सवर टाकता येत नाही. ब्रिटनमधल्या सुमारे ५२ हजार पुरुषांच्या २०१७ च्या अभ्यासात टकलाशी जोडलेल्या गुणसूत्रांवरच्या २८७ जागा सापडल्या. एक्सवरच्या त्यातल्या फक्त ४०. बाकीच्या बापाकडूनही येतात. अर्थात ते सगळे ब्रिटिश वंशाचे गोरे पुरुष; ते आकडे परभणीच्या डोक्यांना जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत.