मुखाच्या कर्करोगपूर्व विकारांतील जैवचिन्हके

तोंडातल्या पांढऱ्या किंवा लाल चट्ट्याचे पुढे कर्करोगात रूपांतर होईल का, याचा अंदाज देणारी आणि पेशी, ऊतक, रक्त किंवा लाळेत मोजता येणारी खूण म्हणजे जैवचिन्हक (बायोमार्कर). अशा खुणांचा शोध घ्यावा लागतो, कारण यांतले बहुतेक विकार कर्करोगापर्यंत जातच नाहीत. ल्युकोप्लाकियाच्या (पांढरा चट्टा) शंभर रुग्णांपैकी साधारण दहांना पुढे कर्करोग होतो, लायकेन प्लॅनसमध्ये (पांढऱ्या जाळीसारख्या रेषा उमटवणारा दाह) जेमतेम एखाद्याला. सुपारीमुळे गाल आखडून तोंड उघडेनासे होते, त्या सबम्युकस फायब्रोसिसच्या रुग्णांवर केरळातील एर्नाकुलम जिल्ह्यात १७ वर्षे लक्ष ठेवले गेले, तेव्हा ७.६ टक्क्यांना कर्करोग झाला. प्रश्न उरतो तो हे दहा किंवा सात नेमके कोण, एवढाच.

आजही निर्णय होतो तो चट्ट्याचा तुकडा काढून केलेल्या तपासणीवर. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची ठेवण किती बिघडली आहे ते पाहून सौम्य, मध्यम वा तीव्र डिस्प्लेसिया असा शेरा दिला जातो. पण एकाच काचपट्टीवर दोन तज्ज्ञांचे एकमत होईलच असे नाही, आणि तुकडा चट्ट्याच्या ज्या भागातून घेतला त्याच्याबद्दलच तो बोलतो. सौम्य शेरा मिळालेल्यांपैकीही काहींना कर्करोग होतो.

आजवर तपासलेल्या खुणांत सर्वांत भक्कम ठरली ती गुणसूत्रांच्या तुकड्यांची हानी. प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या जोड्या असतात. अर्बुदाला (पेशींच्या बेसुमार वाढीने होणाऱ्या गाठीला) आवर घालणारी जनुके जिथे आहेत, त्या भागाची एक प्रत हरवली की पेशीचा एक लगाम सुटतो. तिसऱ्या आणि नवव्या गुणसूत्रांच्या लहान भुजांवर ही हानी वारंवार आढळते. पेशींच्या विभाजनाला लगाम घालणाऱ्या पी१६ प्रथिनाचे जनुक नवव्यावरच आहे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबियाच्या संशोधकांनी चौथ्या व सतराव्या गुणसूत्रांवरील हानीही हिशेबात घेऊन सौम्य-मध्यम डिस्प्लेसियाच्या रुग्णांचे तीन गट पाडले. २०१२ साली त्यांनी मांडलेले पाच वर्षांतील कर्करोगाकडे वाटचालीचे प्रमाण असे होते: कमी जोखमीच्या गटात ३.१, मधल्या गटात १६.३, तर जास्त जोखमीच्या गटात ६३.१ टक्के.

धोका कळला तरी तो टाळणारे औषध लागतेच. अमेरिकेतील एका चाचणीत अशी हानी असलेल्या रुग्णांना एर्लोटिनिब हे कर्करोगावरचे औषध देऊन पाहिले. २०१६ मध्ये निकाल आला: तीन वर्षांनी कर्करोगमुक्त राहिलेले औषधाच्या गटात ७० टक्के, औषधाविना ७४ टक्के, म्हणजे सांगण्याजोगा फरक नाही. भाकीत मात्र खरे ठरले. हानी नसलेल्यांत हेच प्रमाण ८७ टक्के होते.

पेशीतील डीएनएचे प्रमाण बिघडणे (अन्यूप्लॉइडी) ही दुसरी खूण, आणि तिचा इतिहास अधिक बोलका आहे. नॉर्वेच्या यॉन सुडबो यांनी २००१ साली असे बिघाड असलेल्या ८४ टक्के रुग्णांना कर्करोग झाल्याचे लिहिले. वैद्यकात इतका स्वच्छ आकडा दिसला की खरे तर संशयच यायला हवा. पुढे त्यांच्या २००५ च्या लेखातील ९०८ जणांपैकी २५० जणांची जन्मतारीख एकच निघाली, माहिती बनावट असल्याचे उघड झाले आणि २००६ मध्ये दोन्ही लेख मागे घेतले गेले. नंतर इतरांनी केलेल्या तपासण्यांत या खुणेला अर्थ आहे असे दिसले, पण तो कितीतरी माफक.

हे निकष मुख्यतः पाश्चात्त्य रुग्णांवर घडले. महाराष्ट्रात मावा, खर्रा, मशेरी किंवा चुना-तंबाखू गालात धरली जाते, आणि कर्करोगही बहुधा गाल-हिरडीच्या खोबणीत होतो. मुंबई व कल्याणी (पश्चिम बंगाल) येथील संस्थांनी २०१३ मध्ये अशा अर्बुदांचा जनुकीय आराखडा प्रसिद्ध केला. त्यात टीपी५३, कॅस्पेज-८ ही ओळखीची जनुके होतीच, शिवाय यूएसपी९एक्स, एआरआयडी२ अशी नवी नावेही आली. पण ही झालेल्या कर्करोगाची नोंद आहे. होऊ घातलेल्याची खूण म्हणून प्रत्येक जनुक वेगळे पारखावे लागते.

लाळेच्या चाचण्यांचेही तसेच. इंटरल्युकिन-८ सारखे दाहाशी निगडित रेणू कर्करोगी व निरोगी व्यक्तींत फरक दाखवतात. त्यासाठी एकदा लाळ घेतली की भागते. भाकितासाठी मात्र चट्टा असलेल्यांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवावे लागते, आणि असे अभ्यास थोडेच आहेत.