जेलीफिशचा फुकटचा धक्का

जेलीफिश म्हणजे लाटांबरोबर वाहत जाणारा लिबलिबीत गोळा, असा अनेकांचा समज असतो. पण मून जेलीफिश पोहण्यात कमालीचा काटकसरी आहे. तेवढेच वजन तेवढ्याच अंतरावर न्यायला त्याला माशांपेक्षाही कमी ऊर्जा लागते. ही काटकसर त्याला कशी जमते, याचा छडा लावणाऱ्यांत अमेरिकेतल्या कॅलटेक या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठाचे अभियंते जॉन डाबिरी आहेत.

जेलीफिशचे शरीर म्हणजे एक छत्री. ती आकसली की आतले पाणी मागे फेकले जाते आणि प्राणी पुढे सरकतो. इथवर न्यूटनचा तिसरा नियम. पण ते पाणी नुसते सरळ धारेने जात नाही. छत्रीच्या कडेशी ते वळते, गुंडाळते आणि भोवऱ्याचे गोल कडे तयार होते, अगदी धुराच्या वलयासारखे. हे कडे भोवतालचे स्थिर पाणीही सोबत ओढून नेते. पाण्यात बारीक कण सोडून, त्यावर लेसरचा पातळ पडदा टाकून वेगवान कॅमेऱ्याने टिपले, की हे सगळे स्पष्ट दिसते.

खरी गंमत त्यानंतर आहे. छत्री उघडायला स्नायू लागतच नाहीत. ताणलेला लवचीक थर आपसूक पूर्ववत होतो. उघडताना कडेशी दुसरे, उलट दिशेने फिरणारे कडे बनते आणि छत्रीखालीच अडकून राहते. त्याच्या फिरण्यामुळे पाणी छत्रीच्या आतल्या बाजूवर आदळते, तिथला दाब वाढतो आणि स्नायू स्वस्थ असताना आणखी एक धक्का मिळतो. या धक्क्यामुळे दर फेरीत सुमारे ३० टक्के जास्त अंतर कापले जाते, असे ब्रॅड जेमेल, डाबिरी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवले.

अशा कड्यांच्या वाढीलाही मर्यादा असते. नळीतून पिस्टनने ढकललेल्या पाण्याच्या स्तंभाची लांबी नळीच्या व्यासाच्या साधारण ४ पट झाली, की पुढचे पाणी कड्यात मावत नाही, मागे रेंगाळते. हे १९९८ मध्ये दाखवून देणाऱ्या गटाचे प्रमुख मोर्तेझा घारिब पुढे डाबिरींचे मार्गदर्शक झाले.

‘निसर्गाची रचना परिपूर्णच असते’ हे वाक्य जाहिरातींत शोभते, विज्ञानात नाही. जेलीफिशचा पोहण्याचा स्नायू जेमतेम एका पेशीच्या जाडीचा असतो, त्यामुळे त्याच्या जोराला मर्यादा आहेतच. निकोल शू आणि डाबिरी यांनी २०२० मध्ये जिवंत जेलीफिशला छोटे विद्युत उपकरण बसवून छत्रीची आकसण्याची गती वाढवली. वेग २.८ पटींपर्यंत गेला, ऊर्जेचा खर्च मात्र दुपटीपुरताच वाढला. म्हणजे नेहमीपेक्षा वेगाने, तेही तेवढ्याच अंतरासाठी कमी खर्चात पोहणे त्याच्या शरीराला शक्य होते. पण याच प्रवाहांतून जेलीफिशला भक्ष्यही पकडायचे असते आणि त्यासाठी घाई करून चालत नसावे.