कच्चा हिशेब, कच्ची खोली: पुण्यातल्या बिननोंद मजुरीची पार्श्वभूमी

पुण्यात बांधकामावरच्या मजुराच्या हातात आठवड्याला पडते ती खर्ची, म्हणजे मजुरीपोटी खर्चापुरते पैसे. पुरता हिशेब काम संपल्यावर किंवा गावी जाताना होतो, आणि तोही मुकादमाच्या वहीतल्या हजेरीवरून. उचल आधीच घेतलेली असेल तर ती त्यातून वजा होते. वही मुकादमाकडेच असते, त्यामुळे चार हजेऱ्या कमी लागल्या तर दाद कुठे मागणार? राहायला पत्र्याची खोली असते. तिचं भाडं रोख, पावती नाही.

याची मुळं पन्नास-साठच्या दशकांत आहेत. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. कारखान्यातल्या कायम कामगाराला मस्टरवर नाव, फंड, ईएसआय म्हणजे कामगार विमा मिळाला. ते कारखाने बांधणारे मात्र ठेकेदाराचे लोक होते. त्याच सुमारास, १२ जुलै १९६१ ला, पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांतली हजारो कुटुंबं बेघर झाली. पुढे १९७२ च्या दुष्काळात मराठवाडा, सोलापूर, नगरकडून माणसं आली. शहराकडे त्यांना द्यायला काम होतं, घर नव्हतं.

घर का नव्हतं, याचं उत्तर बरंचसं कायद्यात सापडतं. १९४७ च्या भाडेकायद्याने भाडी गोठली, तशी वाड्यांची डागडुजी थांबली आणि नवा भाडेकरू घ्यायला मालक कचरू लागला. १९७६ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने पुण्यात मोकळ्या जमिनीला १००० चौरस मीटरची मर्यादा घातली. हेतू चांगला होता. परिणाम असा की जमिनी सवलतींच्या अर्जांत आणि कोर्टकचेऱ्यांत अडकल्या. २००७ मध्ये तो राज्यात रद्द झाला. दरम्यान शहराच्या कडेला गुंठागुंठ्याने, म्हणजे १०८९ चौरस फुटांच्या तुकड्यांनी, बिगरशेतीची परवानगी न घेता जमीन विकली जात होती. मजुरांच्या खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या त्या अशाच तुकड्यांवर. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने काही बांधकामं नियमित करायची वाट दिली. हिंजवडीत आयटी आल्यावर भोवतालच्या गावांत फ्लॅटचे भाव चढले आणि खोल्यांची भाडीही. ज्याच्या बापजाद्यांची शेती होती तो खोल्यांचा मालक झाला, आणि फ्लॅट बांधणारा त्याच्याकडे चौघांपाचजणांत एक खोली घेऊन राहू लागला.

१९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असायलाच हवा म्हणतं. जबाबदारी मालकाची, चुकल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. करार नसेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचंच म्हणणं ग्राह्य. कागदावर हे मजुराच्या बाजूचं आहे. पण ज्याचं बांधकामच अनधिकृत आहे तो मालक नोंदणी कार्यालयात कशाला जाईल? आणि भाडेकरूने आग्रह धरला तर खोली दुसऱ्याला मिळते.

कामाकडेही कुलूप तेच. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने १८ ते ६० वयाच्या मजुराला कल्याण मंडळाकडे नोंदणीचा हक्क दिला, अट एकच: मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस काम. दाखला द्यायचा मालकाने किंवा ठेकेदाराने. दाखला दिला म्हणजे माणसं कामावर होती हे कबूल केलं, मग किमान वेतन, विमा, फंड सगळंच अंगावर येतं. वारजे किंवा डांगे चौकाच्या मजूर अड्ड्यावरून रोज नव्या मालकाकडे जाणाऱ्याने तर ९० दिवस कुणाकुणाकडून जोडायचे? अशा नाक्यावरच्या कामगारांसाठी पालिकेच्या दाखल्याची सोय झाली, पण तिथे पुन्हा राहण्याचा पुरावा हवा, आणि खोलीचा करार नाही. शिवाय नूतनीकरण दर वर्षी. याउलट या मंडळासाठीचा, बांधकाम खर्चावरचा एक टक्का उपकर साधारणपणे बांधकाम परवानगीच्या वेळीच वसूल होतो. पैसा आपोआप जमा होतो; मजुराला मात्र खेटे घालावे लागतात.

साइटवरच्या लेबर कॅम्पात भाडं वाचतं, पण काम सुटलं की छप्परही जातं. जून २०१९ मध्ये कोंढव्यात सोसायटीची सीमाभिंत शेजारच्या साइटवरच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळून १५ जण गेले. बहुतेक बिहारचे मजूर आणि त्यांची मुलं.

फिरत्या मजुराची नोंद जमतच नाही, हे म्हणणं पुण्यात तरी टिकत नाही. हमालही एका दुकानाचा नसतो. १९६९ च्या माथाडी कायद्याने त्याची नोंद माथाडी मंडळाकडे दिली: व्यापारी मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे मजुरीवरची ठरावीक टक्केवारी, मंडळात भरतो, मंडळ ती हमालाला देतं, आणि फंड, बोनस लेव्हीतून निघतो. वही व्यापाऱ्याच्या हातून काढून घेतली, एवढाच काय तो फरक. असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठी केंद्राने ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू केलेल्या ई-श्रम कार्डावर बांधकाम मजुराला बारा अंकी क्रमांक मिळतो. तो कोण आहे हे त्यावरून कळतं. पण कुणाकडे किती हजेऱ्या भरल्या आणि किती मजुरी थकली, याची नोंद अजून मुकादमाच्या वहीतच होते.