कोकणातली कानटोपी आली कुठून

कोकणातली थंडी ही मतलईची थंडी. मार्गशीर्ष-पौषात रात्री वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, पहाटे त्याला धार येते, आणि नऊ-साडेनऊला ऊन चढले की टोपी खिशात जाते. आंब्याचा बागाईतदार मोहोरासाठी ज्या गारव्याची वाट पाहतो, तोच हा गारवा. त्याला अंगभर जाड लोकर लागत नाही. कान, मान आणि मनगटे झाकली की भागते. म्हणूनच घरी विणलेली कानटोपी आणि बिनबोटांचे लांब हातमोजे या हवेला नेमके पुरतात. त्यांची घडण मात्र इथली नाही.

इथली जुनी ऊब म्हणजे लुगड्यांची गोधडी, आणि देशावरून घाट उतरून येणारी धनगरी घोंगडी. घोंगडी मागावर विणली जाते. बाळाची कुंची आणि टोपडे मऊ जुन्या कापडाचे, तेही शिवलेले. दोन सुयांवर टाके घेत जाण्याची विद्या किनाऱ्यावर रुजली ती इंग्रजी अमदानीत. १८२३मध्ये स्कॉटिश मिशनरी बाणकोटला उतरले. दापोलीला तर लष्कराची छावणीच होती, म्हणून आजही जुनी माणसे ‘काँप दापोली’ म्हणतात. त्या काळच्या मिशनच्या मुलींच्या शाळांत शिवण-विणकाम हा ठरलेला विषय असे. पुढे बाळंतविड्यात शिवलेल्या टोपड्याशेजारी लोकरीचे टोपडे आणि पायमोजे आले, आणि विणकाम घरचे झाले.

कानटोपीचा आकार क्रिमियाच्या युद्धातला. १८५४-५५च्या हिवाळ्यात बालाक्लाव्हा बंदराच्या परिसरात ब्रिटिश सैनिक गारठत होते. त्यांच्यासाठी मायदेशातून विणलेल्या टोप्या गेल्या: डोके, कान, मान झाकलेली आणि चेहरा तेवढा उघडा. त्या गावाचेच नाव पुढे टोपीला पडले. बिनबोटांच्या मोज्यांचे कारणही तसेच रोखठोक आहे. बंदूक चालवायला बोटे मोकळी हवीत, म्हणून दोन्ही महायुद्धांत घरोघरी मनगटपट्टे विणले गेले. आज पहाटे दुचाकीवरून जाणाऱ्याला ब्रेक दाबताना तोच उपयोग होतो. दोर किंवा जाळे ओढताना मात्र ते काढून ठेवावेत. टाका अडकला की उसवतो आणि हातही खेचला जातो.

सुयांच्या नंबरांचा इतिहास माहीत नसला तर थेट नुकसान होते. आपल्याकडे अजून जुने ब्रिटिश नंबर चालतात, ते तारेच्या जाडीवरून आलेले. तार साच्याच्या छिद्रातून जितक्या जास्त वेळा ओढावी तितकी ती बारीक होते आणि नंबर वाढतो. म्हणून १० नंबरची सुई ३.२५ मिलिमीटरची, तर ८ नंबरची ४ मिलिमीटरची. इंटरनेटवरच्या नमुन्यात ‘४ची सुई’ असेल तर ती बहुधा ४ मिलिमीटरची, म्हणजे आपली ८ नंबर. दुकानात ४ नंबर मागितली तर ६ मिलिमीटरची जाड सुई हातात येते आणि टोपी टोपलीएवढी होते.

लोकरीचेही तसेच. कानपूरची ‘लाल इमली’ ही लोकरीची गिरणी १८७६ची, पंजाबातली धारीवालची गिरणी १८८०ची. तिथून देशी गिरणीची लोकर मिळू लागली. आता बाजारात ‘लोकर’ म्हणून मिळते ती बहुतेक ऍक्रिलिक. तिला कसर लागत नाही आणि ती लवकर वाळते, पण घाम शोषत नाही. खरी लोकर वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओलावा पिऊनही हाताला ओली लागत नाही. आमच्या मते दमट किनाऱ्यावर मनगटांसाठी सुती धागाही उत्तम, आणि त्यात कमीपणा काही नाही: विणकामाचे जे सर्वांत जुने नमुने टिकून आहेत, त्यांत इजिप्तमधले निळ्या-पांढऱ्या सुताचे मोजे आहेत.

मोठ्या माणसाच्या साध्या टोपीला चार पदरी लोकर साधारण ७० ग्रॅम लागते. आधी ८ नंबरवर नमुन्याचा चौकोन विणावा; १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके यायला हवेत. डोक्याचा घेर ५६ सेंटिमीटर असला तरी विणकाम ताणते, म्हणून ५० सेंटिमीटर धरून ११० टाके घालावेत. त्यातले कडेचे दोन शिवणीचे. १० नंबरवर दोन सुलट-दोन उलट अशी ६ सेंटिमीटर बॉर्डर, मग ८ नंबरवर एक ओळ सुलट, एक उलट. एकूण उंची १६ सेंटिमीटर झाली की सुलट ओळीत दर सात टाक्यांनंतर दोन टाके एकत्र घ्यावेत, असे बारा वेळा. कडेचे टाके सोडून १०८चे ९६ होतात. पुढच्या सुलट ओळीत सहा टाक्यांनंतर, मग पाचांनंतर, असे उतरत कडेव्यतिरिक्त बारा टाके राहिले की धागा सगळ्यांतून ओवून आवळावा. प्रत्येक ओळीत टाके कमी केले तर टोपी बुटकी होते आणि कान उघडे पडतात.

हातमोज्याला १० नंबरवर ४६ टाके, पूर्ण लांबी दोन सुलट-दोन उलट, २४ सेंटिमीटर. शिवताना वरून ४ सेंटिमीटर शिवून पुढचे ५ सेंटिमीटर अंगठ्यासाठी उघडे ठेवावेत. टाके बंद करताना हात आवळला की पंजा आत जात नाही. शेवटची ओळ ८ नंबरवर बंद केली तर कड मोकळी राहते.

खाऱ्या हवेत लोखंडी सुया गंजतात आणि पांढऱ्या लोकरीवर तपकिरी डाग पडतात. ऍल्युमिनियमच्या सुया घ्याव्यात. ऍक्रिलिकवर गरम इस्त्री फिरवू नये, बॉर्डरचा ताण कायमचा जातो. आणि फाल्गुनात टोपी ठेवून देताना आधी धुवावी: कसर स्वच्छ लोकरीपेक्षा घामाच्या डागांवर आधी बसते. पावसाळ्यात ट्रंक भिंतीला टेकवू नये. भिंतीची ओल आत उतरते, आणि दिवाळीनंतर ट्रंक उघडावी तर घडीच्या आतल्या बाजूला बुरशी.