दुहेरी रक्ताभिसरण आणि व्यायाम

एका पूर्ण फेरीत रक्त हृदयातून दोनदा जाते, त्या व्यवस्थेला दुहेरी रक्ताभिसरण म्हणतात. उजवे निलय, म्हणजे हृदयाचा खालचा उजवा कप्पा, रक्त फुप्फुसांकडे ढकलते. तेथे ऑक्सिजन घेऊन ते हृदयाच्या डाव्या बाजूला येते आणि डावे निलय ते महाधमनीवाटे शरीरभर पाठवते. फुप्फुसांमधल्या फेरीचे वर्णन अरब वैद्य इब्न अल-नफीस यांनी तेराव्या शतकात केले होते. रक्त शरीरात चक्राकार फिरते, हे इंग्रज वैद्य विल्यम हार्वी यांनी १६२८ मध्ये सप्रमाण मांडले.

ऑक्सिजनयुक्त आणि ऑक्सिजनविरहित रक्त एकमेकांत मिसळत नाही, हा या व्यवस्थेचा फायदा शाळेतच शिकवला जातो. व्यायामाच्या दृष्टीने दुसरा फायदाही तितकाच मोलाचा आहे, पण त्याच्याकडे सहसा लक्ष जात नाही : दोन्ही फेऱ्यांमधला दाब वेगवेगळा ठेवता येतो. विश्रांतीत महाधमनीतला दाब सुमारे १२०/८० मिमी पारा असतो, तर फुप्फुसधमनीतला जेमतेम २५/१०. माशांत रक्त कल्ल्यांतून जाताना त्याचा दाब उतरतो आणि त्या उतरलेल्या दाबावरच ते पुढे शरीरात जाते. माणसात मात्र फुप्फुसांतून आलेल्या रक्ताला डावे निलय नव्याने जोर देते. महाधमनीतला दाब फुप्फुसांच्या नाजूक केशवाहिन्यांवर पडला असता, तर त्यांतला द्रव वायुकोशांत, म्हणजे फुप्फुसांतल्या हवेच्या सूक्ष्म पिशव्यांत, झिरपला असता.

विश्रांतीत हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त बाहेर टाकते. जोरकस व्यायामात हे प्रमाण २० ते २५ लिटरपर्यंत जाते, कसलेल्या धावपटूंमध्ये त्याहूनही वर. दोन्ही फेऱ्या एकामागोमाग एक असल्याने उजवीकडून जेवढे येईल तेवढेच डावीकडून पुढे जाऊ शकते; म्हणजे एवढा सगळा लोंढा फुप्फुसांनाही पेलावा लागतो. एरवी मिटलेल्या केशवाहिन्या अशा वेळी उघडतात, उघड्या असलेल्या रुंदावतात आणि दाब त्या मानाने थोडाच वाढतो. तांबड्या पेशीला वायुकोशाजवळ ऑक्सिजन घ्यायला एरवी पाऊण सेकंद मिळतो, तो पाव सेकंदाच्या आसपास येतो. निरोगी माणसाला बहुधा तेवढा पुरतो.

शरीराच्या फेरीत मात्र वाटणीच बदलते. स्नायूंना मिळणारा एक पंचमांशाच्या आसपासचा वाटा चार पंचमांशांवर जातो. आतडी आणि मूत्रपिंडे यांच्याकडच्या धमन्या आकुंचन पावतात, मेंदूचा पुरवठा जवळपास कायम राहतो. शिवाय स्नायू आलेल्या रक्तातून ऑक्सिजनही अधिक काढून घेतात : विश्रांतीत शरीर सुमारे चौथा हिस्सा वापरते, कमाल श्रमात तीन चतुर्थांशांपर्यंत.

एवढे रक्त परत आणण्याचे काम हृदय एकटे करत नाही. पोटरीचे स्नायू आवळले की नीला, म्हणजे हृदयाकडे रक्त परत नेणाऱ्या वाहिन्या, दाबल्या जातात आणि त्यांतल्या झडपांमुळे रक्त वरच्याच दिशेने सरकते. खोल श्वासही ते छातीकडे ओढतो. शर्यत संपल्यावर धावपटू एकदम थांबला, तर पोटरीचा हा पंप बंद पडतो, पायांतल्या वाहिन्या मात्र अजून रुंदच असतात. रक्त पायांत साठून घेरी येते. म्हणून प्रशिक्षक त्याला काही वेळ चालत ठेवतात.