भेगेच्या तोंडावर फुगणारी कॅप

दाढेवर झिर्कोनियाची कॅप बसवायची असं ठरलं की दोन शंका हमखास निघतात. हा झिर्कोनिया म्हणजे अमेरिकन डायमंडवालाच ना? आणि सिरॅमिकच असेल, तर कडक काही चावल्यावर तडकणार नाही का? पहिलीचं उत्तर ‘हो, पण...’ असं आहे. दुसरीचं उत्तर देताना मला जरा जास्तच उत्साह येतो, तेव्हा वाचकांनी सांभाळून घ्यावं.

दोन्हीकडे पदार्थ एकच, झिर्कोनियम डायऑक्साइड. फरक आहे तो अणूंच्या मांडणीत. शुद्ध झिर्कोनिया सुमारे 2370 अंश सेल्सिअसच्या वर क्युबिक मांडणीत असतो, त्याखाली टेट्रागोनल आणि 1170 अंशांच्या खाली उतरला की मोनोक्लिनिक. या शेवटच्या बदलात त्याचं आकारमान 4 टक्क्यांच्या आसपास वाढतं. बाकीचे पदार्थ थंड होताना आकसतात, हा पठ्ठ्या फुगतो. त्यामुळे भट्टीतून काढलेली शुद्ध झिर्कोनियाची वस्तू निवता निवताच भेगाळते.

यावर उतारा म्हणजे यट्रियम ऑक्साइड, अर्थात यट्रिया. तो भरपूर घातला की थंडपणीही क्युबिक मांडणी टिकते आणि दागिन्यातला चमचमता खडा मिळतो. 3 मोल टक्केच, म्हणजे दर 100 रेणूंमागे 3, घातला तर टेट्रागोनल मांडणी टिकते, पण नाइलाजाने.

नाइलाज कसला, ते पाहू. टेट्रागोनल मांडणीत झिर्कोनियमच्या प्रत्येक आयनाभोवती (आयन म्हणजे विद्युतभार असलेला अणू) 8 ऑक्सिजन आयन असतात. झिर्कोनियमचा आयन लहान, त्याला एवढी गर्दी सोसत नाही. मोनोक्लिनिकमध्ये शेजारी 7 असतात, ते त्याला मानवतं. आता यट्रियमवर धनभार 3, झिर्कोनियमवर 4. हिशेब जुळायचा तर दर 2 यट्रियम आयनांमागे ऑक्सिजनची 1 जागा रिकामी राहावी लागते. या रिकाम्या जागांमुळे गर्दी थोडी ओसरते आणि टेट्रागोनल मांडणी तग धरते. ही रिकामी जागा लक्षात ठेवा, पुढे तीच दगा देणार आहे.

आता भेगेकडे वळू. कुठल्याही पदार्थात भेग पडली की सगळा ताण तिच्या टोकाशी साचतो. धातूमध्ये अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात, टोक बोथट होतं आणि ताण पांगतो. सिरॅमिकमध्ये अशी सरकासरकी जवळजवळ होत नाही, म्हणून भेग आरपार धावते. झिर्कोनियाची कॅप बनते ती साधारण अर्ध्या मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहून बारीक कणांची. यातला प्रत्येक कण मोनोक्लिनिक व्हायला टपलेला असतो, पण त्यासाठी फुगावं लागतं आणि शेजारच्या कणांनी त्याला सगळीकडून आवळून धरलेलं असतं. भेग आली की तिच्या टोकाजवळचा भाग ताणला जातो, ही पकड सैल होते आणि तिथले कण तत्क्षणी मांडणी बदलून फुगतात. त्यांच्या फुगण्याने भेगेच्या दोन्ही कडांवर दाब येतो. भेगेला पुढे सरकायचं तर आधी या दाबावर मात करावी लागते. जाहिरातीत याला कुणी ‘स्वतःला बरं करणारी कॅप’ म्हणालं तर मनावर घेऊ नका. भेग बुजत नाही, फक्त अडते. आणि एकदा फुगलेला कण दुसऱ्यांदा कामाला येत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या गार्वी, हॅनिंक आणि पास्को यांनी 1975 मध्ये ‘नेचर’मध्ये झिर्कोनियाचा हा गुण मांडला, तेव्हा लेखाच्या मथळ्यातच विचारलं होतं, ‘सिरॅमिक पोलाद?’ पोलादाची बरोबरी अर्थातच होत नाही. पण वाकवून मोडायला दातांच्या जुन्या पोर्सिलिनला जिथे 100 मेगापास्कलच्या आसपास ताण पुरतो, तिथे या झिर्कोनियाला 1000 च्या घरातला लागतो.

मग असा पदार्थ दंतवैद्यकात यायला इतकी वर्षं का लागली? कारण त्याला दाताचा आकार देणार कसा! धातूची कॅप ओतता येते, पण झिर्कोनिया वितळतो 2700 अंशांच्या आसपास. पक्का भाजलेला ठोकळा कोरायचा तर हिऱ्याची टूल्स भराभर झिजतात. म्हणून तो अर्धवट भाजलेल्या, खडूसारख्या ठिसूळ डिस्कमधून कोरतात आणि मग 1500 अंशांच्या आसपास पक्का भाजतात. भाजताना कॅप लांबी-रुंदी-उंचीत साधारण 20 टक्के आकसते, म्हणजे आकारमान जवळजवळ निम्मं होतं. मिलिंग मशीनमधून निघालेली कॅप पाहिलीत तर ती दाताची वाटतच नाही, इतकी मोठी आणि पांढरीफटक असते. प्रत्येक डिस्क किती आकसणार याचा आकडा तिच्यावरच दिलेला असतो आणि कॉम्प्युटर त्या हिशेबाने कॅप मोठी करून कोरतो. यात चूक परवडत नाही. 10 मिलिमीटर रुंद दाढेत 1 टक्का चुकलं तरी 100 मायक्रॉनचा फरक पडतो आणि कॅप व दात यांच्यातली फट 120 मायक्रॉनच्या आत असावी, असा 1971 च्या एका अभ्यासापासून चालत आलेला निकष आहे. हाताने हे जमणं अवघडच. डिजिटल तंत्र आणि झिर्कोनिया एकमेकांचा हात धरूनच तोंडात आले.

तंत्राची कल्पना जुनी आहे. फ्रान्समध्ये फ्रान्स्वा ड्युरे यांनी 1973 च्या प्रबंधात प्रकाशाने माप घेण्याचा विचार मांडला. 1985 मध्ये झुरिकला वेर्नर मोरमान यांनी पेशंटच्या खुर्चीशेजारीच यंत्रावर कोरलेली सिरॅमिकची इनले, म्हणजे दातातल्या खड्ड्यात बेतून बसणारा तुकडा, दातात बसवली. आजचा तोंडातला स्कॅनर शेकडो छोटे तुकडे टिपतो आणि सॉफ्टवेअर ते जोडत जातं. एका-दोन दातांसाठी हे उत्तम. अख्ख्या जबड्याचं माप घेताना मात्र प्रत्येक जोडातली बारीक चूक पुढे साठत जाते.

आता तो दगा. पाण्याचे अंश पृष्ठभागातून त्या रिकाम्या जागांमध्ये शिरतात. जागा भरली की गर्दी परत जाणवू लागते आणि कुठलीही भेग नसताना कण मोनोक्लिनिक होऊ लागतात. तोंडातल्या तापमानाला हे फार सावकाश चालतं. पण खुब्याच्या कृत्रिम सांध्यात याचा फटका बसला होता. एका उत्पादकाने भट्टीची पद्धत बदलल्यावर झिर्कोनियाचे गोळे अकाली फुटू लागले आणि 2001 मध्ये ते परत मागवावे लागले. थोडा ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड, मिसळला तर हा ऱ्हास बराच मंदावतो.

पुढच्या दातांसाठी हल्ली यट्रिया वाढवलेला, अर्धपारदर्शक झिर्कोनिया वापरतात. त्यात क्युबिक कण जास्त असतात. क्युबिक कणात प्रकाश सगळ्या दिशांना सारखाच वागतो, त्यामुळे कणाकणाच्या सीमेवर तो कमी विखुरतो. पण क्युबिक कण फुगत नाहीत. म्हणजे सौंदर्य घेतलं की ताकद सोडावी लागते. ‘सर्वांत मजबूत आणि सर्वांत नैसर्गिक’ ही दोन्ही विशेषणं एकाच डिस्कला लावणाऱ्याला त्यात यट्रिया किती, एवढंच विचारावं. आजन्म गॅरंटीचंही तसंच. कॅप किडत नाही हे खरं, पण तिच्या कडेखालचा दात किडतो.

राहता राहिली समोरच्या दाताची झीज. एवढा कठीण पदार्थ इनॅमल खाऊन टाकणार, असं वाटणं साहजिक आहे. पण झीज ठरते ती कठीणपणापेक्षा खरखरीतपणावर. नीट पॉलिश केलेला झिर्कोनिया समोरचा दात पोर्सिलिनपेक्षा कमी झिजवतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. कॅप उंच लागते म्हणून खुर्चीवरच ती घासून कमी केली, तर तेवढा भाग परत पॉलिश करून घ्यायला हवा, नुसतं घासून सोडलेलं चालत नाही.